जुन्या गाडीचं बॉनेट नीट बसत नाही, उघडलं तर टेकत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

आधी लक्षणं. तुमच्या गाडीत यातलं काय काय दिसतं ते कागदावर टिपून घ्या, पुढचा उलगडा त्यावरूनच होतो.

- बॉनेटच्या मागच्या कडेची फट एका बाजूला बोटभर, दुसऱ्या बाजूला नखाइतकी.
- एका बाजूचे खटके अंगठ्याने लागतात, दुसऱ्या बाजूला पत्रा गुडघ्याने दाबून धरावा लागतो.
- खड्ड्यांच्या रस्त्यावर एखादा खटका आपोआप सुटतो.
- चालत्या गाडीत पुढून कुरकुर येते. इंजिन बंद ठेवून गाडी नुसती ढकलली तरी ती येत असेल, तर आवाज इंजिनाचा नाही.
- रेडिएटरच्या शेलच्या (त्याच्या बाहेरच्या कवचाच्या) कडेचा रंग घासून धातू दिसायला लागलाय, तोही बहुधा एकाच कोपऱ्यात.
- मधल्या बिजागरीची कांब पुढे किंवा मागे सरकून बाहेर डोकावते.
- उघडलेली बाजू हळूहळू खाली घसरते, नाहीतर वाऱ्याच्या झोताने आपटते.

मी इथे बोलतोय ते चार पत्र्यांच्या बॉनेटबद्दल: वर दोन पत्रे, बाजूला दोन, मधोमध एक लांब बिजागरी आणि दोन्ही खांद्यांवर एकेक. 1928 ते 1931 ची फोर्ड मॉडेल ए, त्याच काळातल्या शेवरोले, ऑस्टिन सेव्हन, या सगळ्यांची रचना साधारण अशीच. फोर्डने 1926 साली मुंबईत बस्तान बसवलं, जनरल मोटर्सने 1928 पासून तिथेच गाड्या जुळवायला सुरुवात केली. तेव्हाच्या काही गाड्या आजही नाशिक आणि आसपासच्या घरांत जपून ठेवलेल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच माझ्याकडे येतात त्या याच तक्रारीसाठी.

मालक गाडीतून उतरतानाच म्हणतात, "दादा, डाव्या बाजूचा पत्रा जरा घासून द्या, लागतोय." माझं उत्तर ठरलेलं आहे: "काका, पत्र्याला शेवटी हात लावू. आधी तो कशावर टेकलाय ते बघू."

कारण हे बॉनेट स्वतःच्या बळावर उभं नसतं. त्याची पुढची कड रेडिएटरच्या शेलवर टेकते, मागची कड स्कटलवर, म्हणजे पुढच्या काचेखालच्या पत्र्याच्या भागावर, आणि मधे कुठेही आधार नाही. रेडिएटर चॅसिसच्या पुढच्या आडव्या तुळईवर उभा, स्कटल हा बॉडीचा भाग, आणि बॉडी चॅसिसवर वेगळ्या बोल्टांनी बसवलेली. या दोन टोकांतलं एक जरी कललं, खचलं किंवा सरकलं तरी मधलं बॉनेट वाकडं दिसतं. ते फक्त आपल्याला दाखवून देतं की खाली काहीतरी हललंय. अशा वेळी पत्रा घासला तर फट तेवढ्यापुरती सारखी दिसते. पुढे कधी रेडिएटरचं काम निघालं आणि तो पुन्हा सरळ बसला, की घासलेल्या जागी कायमची मोठी फट राहते, आणि जुना पत्रा परत भरून येत नाही.

मोजण्याआधी गाडी कुठे उभी आहे ते बघा

याला पैसा लागत नाही आणि नेमकं हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. दिंडोरी, पिंपळगावकडच्या मळ्यांत शेडच्या मातीच्या जमिनीवर गाडी महिनोन्महिने उभी असते. एक चाक दोन बोटं खचलेलं असतं, एका टायरमध्ये हवा नसते. त्या काळातल्या चॅसिसला आजच्यासारखा ताठपणा नाही, ती पिळली जाते, आणि तिच्यासोबत रेडिएटर आणि स्कटल एकमेकांच्या तिरके होतात. गाडी सिमेंटच्या सपाट कोब्यावर आणा, चारही टायरमध्ये योग्य हवा भरा, पुढेमागे थोडी ढकलून स्प्रिंगा मोकळ्या होऊ द्या आणि मग फट बघा. जॅकवर उचललेल्या गाडीचं बॉनेट कधीही जुळवू नका.

इंजिन थंड असू द्या, बॅटरीची एक वायर काढा. आत डोकावण्याआधी पंख्याकडे नीट बघून घ्या. मॉडेल एचा मूळ पंखा दोन पात्यांचा, पत्रा दुमडून केलेला पोकळ असतो. तो आतून गंजतो आणि पात्याच्या मुळाशी तडा जातो. चालू इंजिनात पातं सुटलं तर रेडिएटर किंवा बॉनेट फाडून बाहेर येतं. तडा दिसला तर बॉनेटचं काम बाजूला ठेवा आणि आधी पंखा बदला.

पहिली तपासणी: नवार

शेलच्या आणि स्कटलच्या कडेवर विणलेली सुती पट्टी, म्हणजेच नवार, रिवेटने बसवलेली असते. पत्रा पत्र्यावर घासू नये म्हणून ती, आणि बॉनेटची उंचीही तिच्यावरच ठरते. तिची जाडी कमी झाली की बॉनेट तेवढं खाली बसतं, खटके सैल पडतात आणि कुरकुर सुरू होते. नवीन रंग मारताना कोणी पट्टीसकट फवारा मारला असेल तर ती लाकडासारखी कडक होते. शेडमधल्या गाडीत उंदीर ती कुरतडून नेतात, मग अर्ध्या भागात पट्टी असते आणि अर्ध्यात नसते.

तपासायला जुनं वर्तमानपत्र पुरतं. दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापा, बॉनेट आणि नवार यांच्यामध्ये ठेवा, बॉनेट मिटा पण खटके लावू नका. आता एकेक पट्टी हळूच ओढा. सगळीकडे सारखी, किंचित अडखळत यायला हवी. अलगद निघाली तिथे बॉनेट टेकतच नाही. फाटून हातात आली तिथे सगळा भार त्या एका जागी आहे. शेलवर पाच ठिकाणी, स्कटलवर पाच ठिकाणी असं करा आणि कागदावर बॉनेटची आकृती काढून खुणा करून ठेवा. हीच आकृती पुढे शेवटपर्यंत उपयोगी पडते.

नवार बदलायची असेल तर सुतीच घ्या. रबराची पट्टी बसवलेली गाडी आली की मला वाईट वाटतं. इंजिनाच्या उष्णतेने रबर रंगाला चिकटतं, उघडताना रंगाचा पापुद्रा घेऊनच निघतं, आणि पावसाळ्यात खाली पाणी धरून ठेवतं. सुती पट्टी बसवण्याआधी मी वितळलेल्या मेणात बुडवून वाळवतो, म्हणजे ती पाणी कमी पिते. रिवेटचं डोकं पट्टीत खोल बसलं पाहिजे. वर राहिलं तर तेच रंग खरवडतं.

दुसरी: खटके

मॉडेल एला दोन्ही बाजूंना दोन-दोन खटके असतात, स्प्रिंगचे. खटक्याचं काम बॉनेट धरून ठेवायचं, त्याला ओढून जागेवर आणायचं नाही. हा फरक एका साध्या चाचणीत कळतो. चारही खटके सोडा, बॉनेट नुसतं मिटा आणि चार पावलं मागे येऊन बघा. सोडलेल्या अवस्थेतही ते जवळजवळ जागेवर बसलेलं दिसलं तर दोष खटक्यांतच आहे: एखादी स्प्रिंग थकलेली, एखाद्याचा बोल्ट सरकलेला. चारही स्प्रिंगा एकदम बदला, कारण एकच नवी घातली तर ती बाजू जास्त ओढते आणि बॉनेट पुन्हा तिरकं होतं. सोडल्यावर बॉनेट उचललं गेलं, एका कोपऱ्यात तरंगायला लागलं, तर खटक्यांना हात लावू नका. ते बिचारे इतके दिवस दुसऱ्याचा दोष ओढून धरत होते.

तिसरी: बिजागऱ्यांच्या कांबी

बॉनेट काढताना दोन माणसं लागतात, एक रेडिएटरकडे, एक स्कटलकडे. एकट्याने उचललं की मधली बिजागरी मुरगळते. काढलेलं बॉनेट मिटलेल्या अवस्थेत, खालच्या कडांवर, जाड घोंगडीवर उभं ठेवा.

रंगारी बिजागरीच्या सांध्यांत रंग आणि पुट्टी भरून ठेवतात. वरून गुळगुळीत दिसतं, पण बिजागरी फिरायच्या ऐवजी पत्रा वाकायला लागतो, आणि तडे नेमके सांध्यापाशीच जातात. रॉकेल सोडा, मुरू द्या, हळूहळू हलवा, मग पातळ तेल द्या. कांब बाहेर आली की ती काचेवर किंवा सपाट लादीवर लोळवून बघा. वाकलेली कांब अडखळत लोळते. सरळ करत बसण्यापेक्षा त्याच व्यासाची नवी कांब टर्नरकडून करून घेणं स्वस्त पडतं. लांबी मात्र जुन्या कांबेवरूनच, कारण लांब राहिलेलं टोक शेलमध्ये घुसतं.

बिजागरीला गॅसची ज्योत दाखवू नका. पातळ पत्रा क्षणात लहरी मारतो.

चौथी: रेडिएटरच्या ताण-सळ्या

बहुतेक गाड्यांचं उत्तर इथे सापडतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

मॉडेल एमध्ये फायरवॉलपासून (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पडद्यापासून) रेडिएटरच्या वरच्या भागापर्यंत दोन सळ्या जातात, डावी आणि उजवी, टोकांना आटे आणि नट. मॉडेल टीत अशी एकच सळई असते. रेडिएटर खालून तुळईवर बसलेला असतो आणि वरून या सळ्यांनी धरलेला असतो. म्हणजे रेडिएटर पुढे कलायचा की मागे, उजवीकडे वळायचा की डावीकडे, हे या नटांवर ठरतं. इंजिन उतरवलं, रेडिएटर दुरुस्तीला गेला, होजपाइप बदलला, की मेकॅनिक हे नट सोडतो आणि परत घट्ट करतो. किती आटे सोडले होते हे कोणी लिहून ठेवत नाही. बॉनेटची तक्रार बऱ्याचदा तिथून सुरू होते.

मोजायला टेप वापरू नका, टेपला झोळ पडतो. माझ्याकडे सागाची एक सरळ पट्टी आहे, बॉनेटपेक्षा थोडी लांब. तिचं एक टोक शेलच्या कडेला टेकवायचं आणि स्कटलची कड जिथे येते तिथे टोकदार पेन्सिलने रेघ मारायची. चार मापं घ्या: वर डावीकडे, वर उजवीकडे, खाली डावीकडे, खाली उजवीकडे. प्रत्येक रेघेपुढे अक्षर लिहा. चारही रेघा एकावर एक आल्या तर रेडिएटर आणि स्कटल समांतर आहेत.

वरची दोन्ही मापं कमी आणि खालची जास्त असतील तर रेडिएटर मागे झुकलाय. दोन्ही सळ्यांचे नट सारखेच फिरवून त्याला पुढे न्या. डावं-उजवं जुळत नसेल तर एकाच बाजूची सळई बघा. एका वेळी अर्धा आटा, मग पुन्हा पट्टी. घाई केली की आपण कुठून निघालो तेच कळेनासं होतं, म्हणून सुरुवातीची जागा नटाच्या कडेला रंगाच्या ठिपक्याने दाखवून ठेवा.

यानंतर तिरकी मापं घ्या, डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून उजव्या मागच्या कोपऱ्यापर्यंत आणि उजव्या पुढच्यापासून डाव्या मागच्यापर्यंत. ती जुळत नसतील तर रेडिएटर सरळ उभा असूनही बाजूला सरकलेला आहे. ते सळ्यांनी सुटणार नाही, पाचव्या तपासणीकडे जा.

रेडिएटर मागे आणताना पंखा आणि जाळी यांत बोट सहज फिरेल इतकी जागा उरली पाहिजे. इग्निशन बंद ठेवून पंखा हाताने पूर्ण फेरी फिरवून बघा. आणि नट जड व्हायला लागला की थांबा, पान्ह्याला पाइप लावून जोर करू नका. सळईत इतकी ताकद असते की वरच्या टाकीचा झाळलेला सांधा उकलू शकतो, आणि मग बॉनेटच्या तक्रारीची गळतीची तक्रार होते.

पाचवी: रेडिएटरखालची गादी

रेडिएटर तुळईवर थेट बसत नाही, मधे रबराची किंवा कापडी थरांची गादी असते. ती एका बाजूने दबली की रेडिएटर कलतो आणि बॉनेट एका खांद्याने खाली बसतं. दोन्ही बाजूंची जाडी बघून घ्या, बदलायची तर दोन्ही एकदम. खालचे बोल्ट आवळून टाकू नका. चॅसिसची पीळ रेडिएटरपर्यंत पोहोचू नये म्हणूनच ती गादी तिथे असते. हेडलाइटची आडवी दांडी आणि मडगार्डचे बोल्टही याच वेळी बघा, तिथली ओढाताण शेलपर्यंत येते.

सहावी: बॉडीचे बोल्ट आणि लाकूड

इथवर सगळं जुळलं आणि तरी फट तिरकीच असेल, तर स्कटल हललेला आहे. बॉडी आणि चॅसिस यांच्यामध्ये ठोकळे आणि पातळ पत्र्यांचं पॅकिंग असतं. जुना ठोकळा कुजला की स्कटल त्या बाजूला बसतो. बोल्ट सैल करून एक-एक पत्री घालून स्कटल उचलता येतो, पण त्याचा परिणाम दरवाजांवर होतो. बॉनेटची फट सुधारली आणि दरवाजा लागेनासा झाला, असं सहज घडतं.

नाशिकच्या हवेचा इथे विचार करावाच लागतो. लाकडी सांगाड्याच्या गाड्या जुलै-ऑगस्टमध्ये ओल शोषून फुगतात, मार्च-एप्रिलमध्ये सुकून आक्रसतात. त्र्यंबकच्या बाजूला ठेवलेल्या गाडीत हा फरक आणखी जाणवतो. म्हणून भर पावसात बॉडीचं पॅकिंग बदलायचा निर्णय घेऊ नका. पट्टीवर मापं टिपून ठेवा, दिवाळीनंतर कोरड्या हवेत पुन्हा मोजा. त्यात नुसत्या ऋतूचा किती भाग आहे ते तेव्हा कळतं.

आता टेकू

चार पत्र्यांचं बॉनेट उघडायचं म्हणजे बाजूचा पत्रा उचलून वरच्यावर दुमडायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या अर्ध्यावर टेकवायचे. मधे जाड फडकं किंवा घोंगडी हवीच. नाहीतर खटक्यात अडकणारा कडेचा भाग आणि हवेच्या झडपा दुसऱ्या बाजूच्या रंगात रुततात. पाच मिनिटांच्या तपासणीला हे पुरतं. तासभराचं काम असेल तर मधल्या बिजागरीवर सगळं वजन ठेवणं मला पटत नाही, आणि वाऱ्यात तर ते धोक्याचंच आहे.

त्यासाठी टेकू करून घ्या. आठ मिलिमीटरची सळई, वरच्या टोकाला काटकोनात वाकवलेली खुंटी, जी बॉनेटच्या कडेच्या छिद्रात किंवा मुठीत अडकते. नुसतं टोक पत्र्याखाली टेकवलेला टेकू निसटतो. बहुतेक अपघात तिथेच होतात. खालच्या टोकाला चामड्याची टोपी बसवा आणि त्याला ठरलेली जागा द्या: बाजूच्या पट्टीवर एक छोटा कोनाडा किंवा क्लिप. सिलिंडर हेडच्या नटावर, डिस्ट्रिब्युटरजवळ, एग्झॉस्टवर किंवा पंख्याच्या बाजूला टेकू उभा करायचा नाही. इंजिन चालू झालं की ते हलतं आणि टेकू पडतो. लांबी अशी ठेवा की पत्रा उभ्या रेषेच्या थोडा आतच थांबेल आणि त्याचं वजन टेकूवर राहील. अगदी उभा पत्रा कोणत्याही बाजूला कलंडू शकतो.

वाऱ्याचं म्हणाल तर गाडीचं तोंड वाऱ्याकडे करा. वारा बाजूने आला तर एका दिशेने तो पत्रा हातावर मिटतो, दुसऱ्या दिशेने उलटा फेकून बिजागरी मोडतो. वळिवाच्या दिवसांत दुपारनंतर गंगापूर धरणाकडे किंवा घाटमाथ्यावर थांबून बॉनेट उघडायचं असेल, तर एका माणसाने पत्रा हाताने धरून उभं राहावं. टेकूवर विसंबू नये.

कुठे थांबायचं

खालीलपैकी काहीही आढळलं तर हातातला पान्हा ठेवा.

- तिरक्या मापांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आणि गादी दोन्हीकडे सारखी असेल, तर चॅसिस किंवा तुळई वाकलेली असण्याची शक्यता आहे. चॅसिस मोजून सरळ करणाऱ्याकडेच न्या.
- चॅसिसचे रिवेट हलताना दिसले तरी तेच. नटबोल्ट घालून वेळ मारून नेऊ नका.
- रेडिएटरच्या सांध्यावर ओल किंवा हिरवट डाग दिसले तर रेडिएटरवाल्याकडे.
- बिजागरीच्या कोपऱ्यात तडा असेल तर पातळ पत्र्याचं गॅसवेल्डिंग करणारा जुना डेंटर शोधा. पुट्टी भरून तडा झाकणारा नको, कारण पुट्टीखाली तो वाढत राहतो.
- लाकडी सांगाड्यात स्क्रू ड्रायव्हरचं टोक सहज रुतलं तर लाकूड कुजलंय. हे बॉडी बांधणाऱ्या सुताराचं काम आहे.
- सगळं जुळूनही बॉनेट लांबीला किंवा उंचीला बसत नसेल तर ते दुसऱ्या वर्षाचं असू शकतं. मॉडेल एचं 1928-29 चं बॉनेट 1930-31 च्या गाडीवर बसत नाही. अशा वेळी कापाकापी न करता योग्य वर्षाचं बॉनेट शोधा.

पत्र्याच्या कडेला हात लावायची वेळ या सगळ्यानंतर येते, आणि तेही काम हातोडी-ठोकळ्याचं आहे, ग्राइंडरचं नाही.

जुळवून झाल्यावर गाडी सातपूरवरून त्र्यंबक रस्त्याने थोडी फिरवून आणा, पूर्ण थंड होऊ द्या आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या पुन्हा त्याच दहा ठिकाणी ओढून बघा. नवी नवार पहिल्या काही फेऱ्यांत दबते, त्यामुळे ताण-सळ्यांचे नट पाव ते अर्धा आटा फिरवावे लागले तर त्यात काही बिघडलंय असं समजू नका. त्यानंतर चेक नट (मूळ नट फिरू नये म्हणून त्याला भिडवून आवळायचा दुसरा नट) आवळा आणि सागाच्या पट्टीवर नव्या रेघांशेजारी तारीख लिहा.